शेवटच्या छापील अंकातलं नाव

अलिबागच्या वाचनालयात समोरच्या बाकावर कुणी पेपर पसरून बसलं, की धर्माजी ओव्हाळ त्याच्यासमोर बसून तोच पेपर वाचतात. आपल्या बाजूनं. अक्षरं डोक्यावर उभी असतात, पण त्यांचं काही अडत नाही. समोरच्यानं पान उलटायला हात घातला की ते म्हणतात, "जरा थांबा, दोन ओळी राहिल्यात." माणूस चमकतो, मग हसतो. जुने लोक चमकत नाहीत. त्यांना माहीत असतं, की हा माणूस एकतीस वर्षं साप्ताहिक ‘खांदेरी’त छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होता.

घरीही त्यांची तीच रीत होती. शुक्रवारी अंक आला की जेवणं आटोपल्यावर इंदूबाई स्वैपाकघरात आपल्या पाटावर बसायच्या आणि अंक मांडीवर सरळ धरायच्या. धर्माजी समोर भिंतीला टेकून बसत आणि उलट्या बाजूनं तो मोठ्यानं वाचून दाखवत. बायकोला वाचता येत नाही, तिला निदान चित्रं तरी सरळ दिसावीत, असा त्यांचा हिशेब. पन्नासहून अधिक वर्षं हे चाललं. गेल्या मार्गशीर्षात इंदूबाई गेल्या. तेव्हापासून अंक घरात येतो, पण पाट भिंतीला उभा असतो.

येत्या रविवारी वर्ष होत होतं. विहारात पुण्यानुमोदन ठरलं होतं. आणि धर्माजींच्या मनात एक गोष्ट होती. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या माणसांची नावं काळ्या चौकटीत बसवली होती. इंदूबाईंचं नाव त्यांना तसंच बसवायचं होतं. शिशाच्या टाईपात, स्वतःच्या हातानं, ‘खांदेरी’च्या अंकात.

सोमवारी सकाळी ते साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. पूर्वी जिथं छापण्याचं यंत्र धडधडायचं तिथं आता काचेचं दार आणि दोन संगणक आहेत. संपादक नानांची नात शिवानी हल्ली अंक काढते. मुंबईत मांडणीचं शिक्षण घेऊन आलेली, कामाला चोख मुलगी. धर्माजींना ती ‘काका’ म्हणते, कारण तिचे वडीलही त्यांना काकाच म्हणत.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "मीच येणार होते घरी. काका, या शुक्रवारचा अंक कागदावरचा शेवटचा. पुढल्या आठवड्यापासून फक्त मोबाईलवर."

धर्माजींनी तिच्या पडद्याकडे पाहिलं. नवं पान तयार होत होतं. अरुंद, एकाच रकान्याचं, बोटानं वर सरकवायचं.

"मथळ्याच्या वर हवा थोडी वाढव, खालची कमी कर," ते शेवटी म्हणाले. "मथळा आपल्या बातमीजवळ बसू दे. आता वरच्या बातमीला चिकटल्यासारखा दिसतोय."

शिवानीनं केलं, आणि मान मागे घेऊन बघितलं. "खरंच की. हे मला चार वर्षांत कॉलेजात कुणी असं सांगितलं नाही."

"तिथं शिसं उचलावं लागत नाही ना. आम्हाला हवासुद्धा हातानं बसवावी लागे. शिशाच्या पट्ट्या घालून."

कोपऱ्यातल्या कपाटात नानांनी जमवलेले जुने अंक अजून आहेत. धर्माजी सतराव्या वर्षी कामाला लागले, तेव्हा नानांनी पहिल्या दिवशी त्यांना खिळ्यांना हात लावू दिला नव्हता. कपाटासमोर बसवून पानं दाखवली होती. सगळ्यांत जुनं पान दगडावरून छापलेलं. कुणा लेखनिकाच्या वळणदार हातातलं, मथळे नाहीत, बातमी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते शोधावं लागायचं. त्यापुढची पानं शिशाच्या खिळ्यांची, मुंग्यांच्या रांगेसारखी दाट, पहिल्या पानभर जाहिरातीच. मग हळूहळू मथळे जाड झाले, रकान्यांमध्ये रेघा आल्या, फोटो आले. "बघ," नाना म्हणाले होते, "दर तीस-चाळीस वर्षांनी पेपर कात टाकतो. तू कुठल्या कातीत आलास, ते म्हातारपणी कळेल."

‘खांदेरी’च्या फोटोंचे ठोकळे मुंबईत तयार होत आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला येत. वारा उठला की लाँच थांबे, आणि त्या आठवड्याचा अंक बिनफोटोचा निघे. मग पुढाऱ्याच्या भाषणाच्या बातमीत मधोमध रिकामी जागा राही, तिथं नाना फुलापानांची वेलबुट्टी घालायला सांगत. एका पुढाऱ्यानं तक्रार केली होती, की मला दोनदा वेल आणि एकदा कमळ लावलंत, माणूस कधी लावणार?

"काका, कसला विचार करताय?" शिवानीनं विचारलं.

धर्माजींनी मग मनातलं सांगितलं.

शिवानीनं ऐकलं. तिच्याकडे स्मृतिदिनाचे तयार नमुने होते. चारी बाजूंनी गुलाबी कमळं, मधे गोल फोटो. त्यातला एकही तिनं दाखवला नाही. ती म्हणाली, "पण टाईप आहे कुठं? आपल्याकडे एक खिळासुद्धा नाही."

"ते माझ्याकडे लागलं. मी नाव जुळवून कागदावर ठसा काढून आणतो. तू त्याचा फोटो काढून पानात बसव. होईल?"

"होईल की. पण गुरुवारी दुपारी दोनपर्यंत, काका. दोनला पानं छापायला जातात. आणि परत..." ती थांबली.

"परत नाही," धर्माजी म्हणाले. "समजलं मला."

सगळा टाईप कुठं गेला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. संगणक आला त्या वर्षी नानांच्या मुलानं तो वजनावर विकला. घेणारा होता रेवदंड्याचा सदा कोळी. जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या लागतात, त्यासाठी. टेम्पोत पेट्या चढवताना धर्माजी दाराशी उभे होते. थांबा म्हणावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण पुढं काय म्हणायचं ते सुचलं नव्हतं.

मंगळवारी ते रिक्षानं रेवदंड्याला गेले. खाडीच्या तोंडाशी बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. सदा घराच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. दर्यावर आता त्याचा मुलगा जातो.

"आरं, कोण हा? धर्मा!" सदा ओरडला. "नीरे, बघ कोण आलाय. च्या टाक." मग धर्माजींकडे बघून म्हणाला, "किती वाळलास रं. त्या मांडवावर टांगला तर बोंबलात ओळखू येणार न्हाईस."

"सदा, एक काम होतं. तू टाईप नेला होतास..."

"नेला व्हता की."

"त्यातला थोडा उरलाय का? मूठभर?"

सदानं हातातली सुई खाली ठेवली. म्हणाला, "आरं, त्याला किती वरसं झाली! सगळा वितळवला. माझ्या हातानं पळीत वितळवून वाळूच्या साच्यात वतला. तुझा शिसा लई कडक रं. बाजारातल्या शिशाच्या गोळ्या दोन वरसांत चेपतात, तुझ्या अजून हायेत." त्यानं पायाजवळचा दोर ओढून दाखवला. काळपट, लांबट गोळ्या एका ओळीत ओवलेल्या होत्या. "ही घे, तुझीच अक्षरं. रोज दर्याच्या तळाला जातात नि वर येतात."

धर्माजींनी एक गोळी बोटांत धरली. नकळत त्यांचा अंगठा तिच्या अंगावर खाच शोधू लागला. खिळा सरळ आहे की उलटा, हे न बघता कळावं म्हणून प्रत्येक खिळ्याला बाजूला खाच असे. गोळीला खाच नव्हती.

"इंदूचं नाव जुळवायचं होतं," ते म्हणाले. "रविवारी वर्ष होतंय."

आतून सदाची बायको नीराबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. नीराबाई आणि इंदूबाईंची जुनी मैत्री. नीराबाई अलिबागच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची आणि बांधून द्यायला कागद हवा म्हणून छापखान्यातली खराब झालेली पानं न्यायला यायची. इंदूबाई गुरुवारी दाराशी बसून अंकाच्या घड्या घालायच्या. घड्या घालता घालता दोघींचं बोलणं व्हायचं.

"नाव?" नीराबाई म्हणाली. "नावाला एवढा लांब कशाला आलास, दादा? ती लिवून गेलीय की."

"कोण?"

"इंदू. तिच्या पाटाखाली. तुला ठाव न्हाय?"

धर्माजींना आधी कळलंच नाही.

"तिला लिहिता कुठं येत होतं, नीराबाई? मी शिकवायला गेलो होतो, पण..."

"पण तू हसलास," नीराबाई म्हणाली, आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

हे मात्र खरं होतं. लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी एकदा मोठ्या टाईपात ‘इंदू धर्माजी’ असं जुळवलं, दोऱ्यानं बांधलं आणि घरी आणून तिच्यासमोर ठेवलं. "हे तुझं नाव. बघून बघून पाटीवर काढ." खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. छापलं की सुलटं होतं. धर्माजींच्या डोळ्यांना ते उलटेपण दिसेनासं झालं होतं. त्यांना तेच सरळ वाटायचं. इंदूबाईंनी दोन दिवस बसून, जीभ दातांत धरून, जसं दिसलं तसं हुबेहूब काढलं. पाटी पाहिली आणि धर्माजी पोट धरून हसले. तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. त्यांनी ती गंमत छापखान्यातही सांगितली. गुरुवारी इंदूबाई घड्या घालायला आल्या, तेव्हा यंत्रावरच्या माणसानं विचारलं, "काय वहिनी, आज डोक्यावर चालत आलात का?" त्या दिवसानंतर त्यांनी पाटीला हात लावला नाही. बांधलेले खिळे मालकाचे, म्हणून धर्माजींनी सोमवारी एक-एक मोजून परत खणात टाकले होते.

"मना बोलली ती," नीराबाई सांगत होती. "बोलली, घरधनी हसतात, मंग मी पाटाखाली कोरलाय. पाट उलटा कोण करतंय? खिळे परत न्यायच्या आदल्या दिवशी बसून कोरला. नि मंग तू वाचशील तशी अक्षरं बघत हळूहळू सुलटाबी यायला लागला तिला. तुझा पेपर सगळा वाचायची ती."

"वाचायची?"

"व्हय तर. तिच्या भावाची ती बातमी आलेली, बोट बुडाल्याची. तू तेवढी गाळून खालची वाचलीस."

धर्माजींना आठवलं. त्या रात्री ते वाचताना अडखळले होते, आणि इंदूबाईंनी विचारलं होतं, "आणि हे वरचं?" फोटो पाहून विचारतेय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी सांगितलं, वर जाहिरात आहे. इंदूबाई बरं म्हणाल्या होत्या. भावाचं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ बसवून, हात धरून सांगितलं, तेव्हा त्या रडल्या, पण दचकल्या नव्हत्या.

"मग मला बोलली का नाही?" त्यांनी विचारलं. "पन्नास वर्षं, नीराबाई!"

"मी इचारला व्हता. तर बोलली, मना वाचता येतं कळलं की हे वाचून दाखवायचं बंद करतील."

सदा जाळ्याकडे बघत म्हणाला, "लई वस्ताद बाई, रं." धर्माजींच्या हातातला चहा निवला.

निघताना नीराबाईनं वाळवलेल्या कोलंबीच्या सोड्यांची पुडी त्यांच्या पिशवीत टाकली. पुडी प्लास्टिकची होती. "आता पेपर मिळत न्हाय बांधायला," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सून सुचिता पोळ्या लाटत होती. धर्माजींनी भिंतीला उभा असलेला पाट घेतला, जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसले. मग त्यांनी तो उलटा केला.

पाटाला खाली दोन आडव्या पट्ट्या होत्या. त्यांच्या मधल्या फळीवर, वर एक रेघ, खाली एक रेघ, आणि त्या दोन रेघांच्या मधे लोखंडी खिळ्यानं खोल कोरलेली अक्षरं. आरशातल्यासारखी उलटी, उजवीकडून डावीकडे. धर्माजींना ती वाचायला क्षणही लागला नाही. ‘इंदू धर्मा’. पुढं डावी पट्टी आडवी आली होती. ‘जी’ला जागाच उरली नव्हती.

जन्मात तिनं त्यांचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. "अहो" किंवा "ऐकलंत का". उखाण्यातसुद्धा पळून जायची.

"माप नाही बघितलंस," धर्माजी हळूच म्हणाले. "आधी ओळ मोजायची असते."

"काय म्हणालात, बाबा?" सुचितानं विचारलं, आणि वळून पाहिलं. मग ती तव्याखालचा गॅस बंद करून शेजारी येऊन बसली. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे काय लिहिलंय? मला वाचता येत नाही."

"येईल," धर्माजी म्हणाले. "उद्या येईल."

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या ध्यानात हळूहळू आलं, की इंदूबाईंनी नकळत जे केलं होतं तो छापायचा ठोकळाच होता. शाई लावून कागद दाबला की उलटं ते सुलटं होणार. कोरलेल्या खाचांत शाई जाणार नाही, म्हणजे अक्षरं पांढरी उठतील आणि भोवती सगळं काळं. काळी चौकट वेगळी घालायलाच नको.

बुधवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून शाईचा जुना डबा काढला. छापखाना सुटला तेव्हा आणलेली ती एकच वस्तू. वर चामड्यासारखी साय धरली होती. ती सुरीनं कापून बाजूला केली, तर खाली शाई लोण्यासारखी ताजी. तोच वास आला आणि त्यांना क्षणभर डबा खाली ठेवावा लागला. शाई फिरवायला रूळ नव्हता. त्यांनी सायकलची फाटकी ट्यूब कापली आणि लाटण्यावर ताणून चढवली.

"बाबा, माझं लाटणं!"

"नवं आणून देतो."

"आणि पाट? तो काळा होईल हो. आईंचा आहे."

धर्माजींचा हात थांबला. पाटाच्या वरच्या बाजूला बसून बसून गुळगुळीत झालेला खळगा होता. त्याला काही होणार नव्हतं. "खालूनच होईल," ते म्हणाले. "होऊ दे."

पहिला ठसा फिक्का आला. दुसऱ्यात शाई जास्त झाली आणि ‘दू’ची शेपटी बुजली. तिसऱ्या वेळी त्यांनी कागद किंचित ओला केला, फळीवर अंथरला, आणि चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे घासत गेले. सुचिता गुडघ्यांवर बसून बघत होती. कागद त्यांनी एका कोपऱ्यानं धरून सावकाश सोलला.

कागदावरच्या काळ्यात लाकडाच्या बारीक रेषा उठल्या होत्या, ओहोटीनंतर वाळूवर उठतात तशा. आणि त्यात पांढरं, थोडं वाकडं, पण सुलटं: इंदू धर्मा.

"इंदू धर्मा," सुचितानं मोठ्यानं वाचलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

धर्माजी बोटं पुसत होते. शाई नखांत गेली होती. पूर्वी ती कायमच तिथं असे, आणि इंदूबाई लिंबाची साल पुढं करायच्या. या वेळी त्यांनी शाई काढली नाही.

गुरुवारी बाराच्या आतच ते कचेरीत पोचले. शिवानीनं कागद हातात घेतला, खिडकीशी नेला आणि उजेडात धरून पाहिला.

"काका, हा कुठला टाईप?"

धर्माजींनी तिला सांगितलं. पाटीवर हसले होते तेही सांगितलं. ते सांगायला त्यांना वेळ लागला. ऐकताना शिवानी एकदाही पडद्याकडे वळली नाही.

मग तिनं फोटो काढला आणि पानावर घेतला. चौथ्या पानावर खाली उजवीकडे दोन रकाने तिनं रिकामे ठेवलेच होते. "खाली काय घालू? ‘भावपूर्ण आदरांजली’, तारीख, विहाराचा पत्ता?"

"तारीख आणि पत्ता. बारीक टाईपात. बाकी काही नको."

"आणि हे ‘जी’ राहिलंय. आजींच्याच अक्षरांच्या वळणावर मी बनवू शकते. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," धर्माजी म्हणाले. "नको. ओळ तिची आहे. तिच्या मापात जेवढी बसली तेवढी."

शिवानीनं मान डोलावली. ठोकळ्याभोवती तिनं थोडी मोकळी जागा सोडली, आणि न विचारता त्यांच्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हवा बरोबर बसलीय."

शुक्रवारी अंक आला. पहिल्या पानावर शिवानीनं वाचकांचा निरोप घेतला होता. वाड्या-वस्त्यांवरून लोकांचे फोन येत होते. कुणाला अंक जपून ठेवायचा होता, कुणाला मोबाईलवर कसा बघायचा ते कळत नव्हतं. रेवदंड्याहून सदाचाही फोन आला. नीराबाईनं ते पान फाडून देवाजवळ ठेवलंय, आणि पलीकडच्या पानावर गाळे भाड्याने देण्याची जाहिरात आहे ती पण आता देवाजवळ आहे, असं तो म्हणाला. धर्माजी हसले.

रात्री जेवणं झाली. सुचितानं भांडी आवरली आणि ती बाहेर जाऊन बसली. धर्माजींनी पाट पूर्वीच्याच जागी मांडला. खालची शाई अजून पुरती वाळली नव्हती, म्हणून आधी जुनं फडकं अंथरलं. पाटासमोर त्यांनी अंक पसरला. पाटावर बसणाऱ्याला सरळ दिसेल असा. मग ते समोर भिंतीला टेकून बसले.

आपल्या बाजूनं, उलट्या अक्षरांतून, त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. एकही बातमी न गाळता.